जिनिव्हाच्या नावाने ३०० रुपये भरू नका

पोळ्यापासून आपल्या भागातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘युनोची मानवाधिकार समिती कास्तकारांच्या तक्रारी थेट घेते, ३०० रुपये अन् सातबारा पाठवा.’ काल पानठेल्यावर एक म्हातारे कास्तकार पिशवीतून सातबाऱ्याची झेरॉक्स काढून पत्ता विचारत होते. ते बघवलं नाही, म्हणून लिहितो: हे खोटं आहे.

भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये स्वीकारला. तो पाळला जातो का, हे युनोची हीच १८ तज्ज्ञांची समिती जिनिव्हात तपासते. सरकारचा अहवाल वाचते, प्रश्न विचारते, शिफारशी करते. आपली पाळी १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये आली. सत्तावीस वर्षं! पण एकेकट्या माणसाची तक्रार घ्यायची तर देशाने वेगळा जोडकरार मान्य करावा लागतो, आणि भारताने तो केलेला नाही. संघटना मात्र आढाव्याच्या वेळी आपली माहिती पाठवू शकतात.

पोलिसांनी मारहाण केली, तर राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीत अर्ज करा. फी लागत नाही. फक्त घटनेला वर्ष उलटू देऊ नका. त्यानंतर आयोगाला कायद्याने चौकशी करता येत नाही.