बंदर अब्बासवरचा तो फॉरवर्ड आणि त्यातल्या पाच चुका

होर्मुझची सामुद्रधुनी बातम्यांत आली की एक मेसेज परत फिरायला लागतो. या वेळी मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरचाच ग्रुप, काकांनी टाकलेला. मेसेज थोडक्यात असा: या सामुद्रधुनीवरचं इराणचं बंदर अब्बास हे शहर तिथल्या सफवी घराण्याच्या शाह अब्बासने १६२२ साली ओसाड वाळूवर वसवलं, त्याने स्वतःच्या आरमाराच्या जोरावर एकट्याने पोर्तुगीजांना हाकललं, तेव्हापासून हे शहर एक दिवसही परक्यांच्या हातात गेलं नाही, तिथलं विष्णूचं देऊळ दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, आणि आपल्या महाराष्ट्राचा या बंदराशी संबंध आला तो फक्त तेलामुळे. मी काकांना फोन केला तर ते म्हणाले, अगं मग नीट लिहून टाक ना, मी तेच पुढे पाठवतो. म्हणून हे लिहितेय, एकेक मुद्दा घेऊन.

पहिला मुद्दा, ओसाड वाळूवर वसवलं. नाही. त्या किनाऱ्यावर वस्ती होतीच, सुरू नावाच्या मासेमारांच्या गावाची नोंद दहाव्या शतकातल्या भूगोलकारांनी केलीय आणि सुरू आजही बंदर अब्बासचाच एक भाग आहे. पण खरी गोष्ट समोरच्या बेटाची आहे, ती समजल्याशिवाय या शहराचं काहीच समजत नाही. जुनं होर्मुझ मुळात बेटावर नव्हतंच, ते मुख्य भूमीवर मिनाबजवळ होतं, मार्को पोलो गेला तो तिथे. साधारण १३०० च्या सुमाराला उत्तरेकडून टोळ्यांच्या धाडी इतक्या वाढल्या की तिथल्या राजाने सगळी राजधानीच उचलून समोरच्या जरून नावाच्या बेटावर नेली आणि नावही सोबत नेलं, म्हणून ते बेट झालं होर्मुझ. आता ते बेट कसं, तर मीठ आणि तांबडी माती, प्यायला पाणी नाही, झाडपाला नाही, पाणीसुद्धा केश्म बेटावरून नाहीतर समोरच्या किनाऱ्यावरून होड्यांतून आणायचं. आणि अशा जागी पुढची तीनशे वर्षं या समुद्रातलं सगळ्यात श्रीमंत बंदर उभं राहिलं. इब्न बतूता हा प्रवासी तिथे जाऊन आला, चीनचा दर्यावर्दी झंग ह याचा ताफा तिथपर्यंत पोचला, १४४२ साली विजयनगरला निघालेला वकील अब्दुल रज्जाक तिथूनच जहाजात चढला. आणि शिराझ, लारकडून येणारे तांडे ज्या किनाऱ्यावर उतरायचे, जिथून माल होड्यांत भरून बेटावर जायचा, ते गाव म्हणजे गमरून. युरोपियन लोक त्याला गोंब्रून म्हणायचे. हेच पुढचं बंदर अब्बास. म्हणजे हे शहर रिकाम्या जागी उगवलं नाही, ते एका मोठ्या बंदराची मुख्य भूमीवरची पायरी होती.

शाह अब्बासची फौज यायच्या आधी पोर्तुगीजांनी तिथे कोट बांधलेला होता, आणि शाहच्या फौजेने गमरून घेतलं ते १६१४ च्या सुमाराला, १६२२ ला नाही. १६२२ ला पडलं ते समोरचं बेट. मेसेजमध्ये या दोन वेगळ्या घटना एक करून टाकल्यात. शाह अब्बासचं काम मोठं आहे हे मी नाकारत नाहीये, बेटाचा व्यापार त्यानेच किनाऱ्यावर आणला आणि गावाला त्याचं नाव मिळालं. पण नाव मिळणं वेगळं आणि वसवणं वेगळं.

दुसरा मुद्दा, एकट्याने आणि स्वतःच्या आरमाराने. इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण खरी हकीकत याच्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे आणि ती एका खोट्या वाक्याखाली गाडली गेलीय. शाह अब्बासकडे लढाऊ आरमार नव्हतंच! फौज प्रचंड, तोफा, घोडदळ, सगळं होतं, पण बेटाला वेढा घालायचा तर जहाजं लागतात. पोर्तुगीजांचं नेमकं उलटं होतं. त्यांचा सेनापती अल्बुकर्क याने १५०७ साली होर्मुझवर हल्ला केला, किल्ला बांधायला घेतला, त्याचेच कप्तान बिथरले म्हणून सोडून जावं लागलं, मग १५१५ ला परत येऊन त्याने बेट पक्कं ताब्यात घेतलं आणि त्याच वर्षी गोव्याच्या बंदराशी पोचता पोचता वारला. त्यानंतर शंभरएक वर्षं होर्मुझचा राजा गादीवर होता पण नावाला, जकात पोर्तुगीजांच्या हातात. त्यांच्याकडे समुद्र होता, जमीन नव्हती. शाहकडे जमीन होती, समुद्र नव्हता.

मग शाहच्या फार्स प्रांताच्या सुभेदाराने, इमाम कुली खानाने, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला गाठलं. इंग्रज रेशीम घ्यायला आले होते, त्यांना लढाई नको होती, कारण तेव्हा पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता आणि इंग्लंडची स्पेनशी शांतता होती. पण त्यांना सांगण्यात आलं की मदत करणार नसाल तर व्यापाराच्या सवलती विसरा. शेवटी जानेवारी १६२२ मध्ये मिनाबला करार झाला, लुटीत अर्धा वाटा, जकातीत अर्धा वाटा आणि इंग्रजांच्या मालाला जकात माफ. आधी केश्मचा किल्ला घेतला, त्या लढाईत विल्यम बॅफिन मारला गेला, तोच ज्याच्या नावाचा उपसागर तिकडे कॅनडाच्या उत्तरेला आहे, उत्तर ध्रुवाच्या बर्फातून वाट शोधणारा माणूस आणि मेला कुठे तर इराणच्या आखातात तोफेसाठी अंतर मोजताना. मग इंग्रजी जहाजांच्या आडोशाने इराणी फौज होर्मुझवर उतरली, पोर्तुगीजांची गलबतं बुडवली गेली आणि मेच्या सुरुवातीला किल्ला पडला. लंडनला काय झालं तेही सांगते, या लुटीवरून कंपनीने राजा जेम्सला १०,००० पौंड आणि बकिंगहॅमच्या ड्यूकला १०,००० पौंड दिले, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. एकट्याने केलेल्या पराक्रमाची बिलं दुसऱ्याच्या दरबारात भरावी लागत नाहीत.

आणि आरमार नसल्याचा हा प्रश्न १६२२ नंतरही सुटला नाही. १६२३ ला डचांनी बंदर अब्बासला वखार घातली आणि रेशमाच्या भावावरून भांडण झालं तेव्हा १६४५ साली त्यांच्या जहाजांनी सरळ बंदराची कोंडी केली, केश्मवर हल्ला केला, १६८४ ला परत तेच. शाहच्या नावाचं बंदर, आणि त्याच्या तोंडावर जहाजं उभी करून शाहच्याच वारसांकडून सवलती घेतल्या जातायत.

तिसरा मुद्दा, एक दिवसही परक्यांच्या हातात गेलं नाही. एक दिवस सोडा, सत्तर वर्षांच्या वर गेलं!

क्रमाने सांगते. १७२२ ला अफगाणांनी इस्फहान घेतलं आणि सफवी राज्य कोसळलं, त्याच धामधुमीत बलुची टोळ्यांनी गोंब्रूनच्या इंग्रज आणि डच वखारींवर धाड घातली. मग नादिरशाह आला, दिल्ली लुटणारा तोच. पण त्याची एक गोष्ट मला फार लक्षात राहते, की जमिनीवरच्या राजाला समुद्राशिवाय चालणार नाही हे त्या माणसाला कळलं होतं. त्याने १७३४ पासून जहाजं जमवायला सुरुवात केली, युरोपियनांकडून घेतली, सुरतेहून मागवली, आणि स्वतःची बांधायची म्हणून कॅस्पियनच्या काठच्या माझंदरानच्या जंगलातून लाकूड पार दक्षिणेला बुशेहरपर्यंत आणायला लावलं. अख्खा इराण ओलांडून, डोंगरवाटांनी, वेठीला धरलेल्या माणसांच्या खांद्यावरून. आखाताच्या किनाऱ्यावर झाड नाही ना, जहाज कशाचं बांधणार. खलाशी बहुतेक अरब, पगार थकले की बंड करायचे, १७४० ला मोठं बंड झालंच. १७४७ ला नादिरशाहचा खून झाला आणि ते आरमार त्याच्यासोबत संपलं.

पुढची पंधरा वर्षं बंदर अब्बासचं भांडण स्थानिक सरदारांत, एकीकडे नादिरशाहच्या आरमाराचा जुना अधिकारी मुल्ला अली शाह, दुसरीकडे लारचा नासिर खान. १७५९ ला फ्रेंच आले आणि इंग्रजांची वखार उद्ध्वस्त करून गेले. डच आधीच खार्ग बेटाकडे वळले होते, १७६३ ला इंग्रजांनी पण गाशा गुंडाळला आणि बसरा, बुशेहरला गेले. वखारी गेल्या, तांडे कमी झाले, शहर ओस पडत चाललं.

आणि मग १७९४ साली ओमानमधल्या मस्कतचा राजा सुलतान बिन अहमद याने बंदर अब्बास, होर्मुझ, केश्म सगळं घेतलं. इराणच्या दरबाराने काय केलं, तर भाडं ठरवलं. हो, भाडं, इजारा! बंदर तुमच्याकडे ठेवा, वर्षाला इतके तोमान (इराणचं नाणं) द्या. मधे १८५४ ला इराणने परत घेतलं, पण १८५६ ला नवीन करार झाला, वर्षाला १६,००० तोमान, आणि अटी अशा की झेंडा इराणचा फडकेल. ज्या करारात "झेंडा आमचाच राहील" असं मुद्दाम लिहून घ्यावं लागतं, त्यात खरा ताबा कोणाचा होता हे कळतंच. मस्कतमध्येच सत्तेचं भांडण पेटलं तेव्हा १८६८ ला हा इजारा संपला आणि बंदर खऱ्या अर्थाने तेहरानकडे आलं. मेसेजमध्ये ही सत्तर-चौऱ्याहत्तर वर्षं गायबच आहेत. यात इराणी लोकांचा काही कमीपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही. हे मस्कतवाले म्हणजे ज्यांनी १६५० ला पोर्तुगीजांना मस्कतमधून काढलं आणि १६७४ ला आपल्या वसईत येऊन लूट केली तेच, या समुद्रात त्यांचं वजन होतं आणि इराणने ते वजन वापरून घेतलं, जसं आधी इंग्रजांचं वापरलं होतं.

चौथा मुद्दा देवळाचा. देऊळ आहे, खरं आहे, सुंदर आहे, मधे घुमट आणि त्याच्याभोवती छोट्या छोट्या शिखरांची दाटी, आजूबाजूला तसं दुसरं काही नाही त्यामुळे लगेच नजरेत भरतं. पण ते बांधलं १८९२ साली, इराणवर काजार घराण्याचं राज्य असताना, तिथे धंदा करणाऱ्या हिंदू व्यापाऱ्यांच्या पैशातून. दोन हजार वर्षं वगैरे काही नाही. आणि मला कळत नाही की १८९२ हे साल लाजिरवाणं का वाटावं? इराणच्या बंदरात, सुभेदाराच्या परवानगीने, परगावच्या व्यापाऱ्यांनी भर वस्तीत देऊळ बांधलं आणि ते आजही वारसा म्हणून जपलंय, ही केवढी मोठी गोष्ट आहे. त्याच्याही आधी सतराव्या शतकात तिथले दलाल, सराफ, बरेचसे गुजराती वाणीच होते, इंग्रज आणि डच दोघांचेही व्यवहार त्यांच्या हातातून जायचे, गावाबाहेरच्या एका प्रचंड वडाखाली त्यांची पूजा चालायची हे त्या वेळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय. खऱ्या चारशे वर्षांना खोटी दोन हजार वर्षं चिकटवली की खरी चारशेसुद्धा कोणी मानत नाही.

पाचवा मुद्दा, आपला संबंध फक्त तेलाचा. अहो, बंदर हा शब्दच आपण फारसीतून घेतलाय! आणि तेल सापडायच्या कितीतरी आधी त्या बाजूने इकडे यायचे ते घोडे. मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलंय की तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकी माल तुमचा, इतकी घोड्यांची किंमत. १४६९ च्या आसपास निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, मग परत मिळाला, पुढे तो बीदरला गेला आणि परत जाताना दाभोळहून होर्मुझसाठी जहाजात बसला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला गेलात तर बघून या. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर होर्मुझचे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत अशी सक्ती केली, कारण दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला घोडा कोणाकडून मिळतो यावर राजकारण फिरत होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज डॉक्टर फ्रायर १६७५ ला जुन्नरला येऊन गेला, शिवाजी महाराजांच्या हयातीत, आणि दोन वर्षांनी तोच गोंब्रूनच्या उकाड्याला शिव्या घालत होता. इंग्रजांच्या काळात तर आखाताचा सगळा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, १८२० ला केश्मवर जी पलटण बसली ती मुंबईचीच.

आणि एक शेवटचं, जे तिसऱ्या मुद्द्यालाही लागू आहे. इराणचा शाह रझाशाह पहलवी याने इटलीत जहाजं बांधून घेतली आणि १९३२ ला ती आखातात आणली, नादिरशाहनंतर पहिल्यांदा इराणचं स्वतःचं असं आरमार तिथे उभं राहिलं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा एकदमच इराणमध्ये घुसल्या, ते आरमार काही तासांत संपलं, आणि सप्टेंबरमध्ये गादी सोडलेल्या रझाशाहला बंदर अब्बासहून एका ब्रिटिश जहाजावर चढवलं. जहाजाचं नाव होतं बांद्रा. त्याला वाटत होतं आपण मुंबईला उतरणार. मुंबईच्या बाहेर जहाज थांबलं आणि तिथे त्याला सांगितलं की उतरायची परवानगी नाही, मॉरिशसला जायचंय.