विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा कट्टा

काल विसर्जनाची मिरवणूक, डीजेनं कान अजून बधिर, आणि आज टपरीवर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं की किल्लारीला ९३ च्या भूकंपात मिरवणुकीत जागे होते तेवढे वाचले. झालं, किल्लारीकडचा बालाजी पेटलाच. म्हणे, "काय बोलालास? चतुर्दशी २९ सप्टेंबरला, भूकंप ३० च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना. नाचून दमून लोक घरी येऊन मेल्यासारखे झोपलेले. गणपतीमुळं वाचले का गणपतीमुळं गेले?"

दोन्ही बाजूचे किस्से मी सोलापुरात ऐकलेत, त्यामुळं गप्प बसलो. पण सुऱ्या पाटणचा, त्याला भूकंप म्हणजे घरचं कार्य वाटतं. आमच्याकडं ११ डिसेंबर १९६७, तीपण पहाटच, कोयनानगर आडवं झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, मुंबईची लाईट गेली, वगैरे वगैरे सुरू. आणि धरण भरल्यापासून धक्के चालूच असल्यामुळं आमची माणसं तयार असतात, मांडणीवरची भांडी वाजली की आज्जी नुसतं "कोयना हलली" म्हणून परत कूस बदलायची. (याला तयार असणं म्हणतात का सवय होणं, हे मी विचारलं, उत्तर नाही मिळालं.)

मग म्हणतो कसा, "किल्लारीला पण आदल्या वर्षी धक्के बसलेवते की, तेव्हाच शिकायला पायजे हुतं."

बालाजीनं ग्लास खाली ठेवला. ९२ ला धक्के बसले तेव्हा लोक बाहेर झोपलेच होते, पण किती दिवस झोपणार, थंडी, पाऊस, साप, लेकरं, आणि मोठं काही होईना म्हणल्यावर आत गेले. तेव्हाच्या सरकारी नकाशात तर तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा, झोन १. तज्ज्ञांना नाही कळलं ते आमच्या आज्जीला कळायला पाहिजे होतं का? यावर माझं मत बालाजीच्या बाजूनं, वर्षभर अंगणात झोपून दाखवावं कुणीपण.

आणि घरं तरी कसली, माळवदाची. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-दोन अडीच-अडीच फुटी भिंती, वर लाकडं, लाकडावर माती, गळायला लागलं की अजून माती. उन्हाळ्यात एकदम गारवा, पण ते सगळं झोपलेल्या माणसाच्या अंगावर आलं. ५२ गावं, दहा हजाराच्या आसपास माणसं. वाडेवाल्यांचे वाडे बसले आणि कडेची कुडाची, पत्र्याची घरं बऱ्याच ठिकाणी उभी राहिली. नंतर कितीतरी लोक दगडी भिंतीजवळ झोपायलाच तयार नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढली. बालाजीचे वडील आजपण पुनर्वसनाच्या पक्क्या घरात जेवतात आणि झोपायला बाहेर पत्र्याखाली.

गंमत म्हणजे आम्ही तिघंही नंतर जन्मलेलो, एकानंपण यातलं काही बघितलेलं नाही आणि भांडतोय असं की जणू ढिगारे आम्हीच उपसले.

सुऱ्यानं जरा नरमाईनं विचारलं, "मग तुझे वडील त्या रात्री मिरवणुकीत हुते का घरात?"

"मिरवणुकीत. लई उशिरा आले, आज्जी रागानं दार उघडंना, म्हणून अंगणात बाजेवर पडले. आज्जी आत होती."

"आता यात गणपती कुठं बसवायचा ते तुम्हीच ठरवा," म्हणत बालाजी पैसे द्यायला उठला.