लेझर, ट्यूब आणि तुमची कमेंट

नमस्कार. तुमची कमेंट रात्रीच वाचली, म्हटलं सकाळी शांत डोक्याने उत्तर देऊ. डोकं फारसं शांत झालेलं नाही, पण असो. बाथरूमच्या डॅडो टाइल्सची, म्हणजे भिंतीवर लावायच्या टाइल्सची, लाइन कशी धरायची यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की आता भिंतीवर लेव्हलची रेघ पाडणारा लेझर असताना पाण्याची ट्यूब (दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येतं, तिथे खुणा करायच्या) नि सूत कोण वापरतं, लेझर असला की एकट्याने काम होतं, ट्यूबमध्ये बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते हे मी लिहिलंच नाही, स्पेसर (दोन टाइल्समध्ये सारखी फट ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा) २ मिमीचा की ३ चा तेही नाही, आणि शेवटी "लेखकाने कधी हातात थापी तरी धरलीय का?"

आता हे शेवटचं. धरलीय हो. माझे काका गवंडी, सांगलीकडचे. शाळेला सुट्टी लागली की मी साइटवर, आणि माझं काम काय तर ट्यूबचं दुसरं टोक धरायचं. ते धरणाऱ्या पोराला किती बोलणी खावी लागतात ते ज्याने धरलंय त्यालाच माहीत. "अंगठा काढ रे!" हे मी इतक्यांदा ऐकलंय, कारण तोंड दाबलेलं राहिलं की पाणी हलतच नाही आणि खूण चुकते. काका भिंतीला ओळंबा लावायचे आणि लगेच सांगायचे, ही बाहेर आलीय, प्लास्टर जास्त खाणार. त्यामुळे "थापी धरलीय का" असं एखाद्याला विचारण्याआधी जरा विचार करावा, एवढंच. मुद्दा साध्या भाषेतही मांडता आला असता. आणि खोट्या नावाने कमेंट टाकून दुसऱ्याचा अनुभव विचारायचा हे तर भारीच.

लेझर माझ्याकडेपण आहे, मी काही दगडी युगातला नाही. पण स्वस्तातल्या लेझरच्या बॉक्सवर साधारण १० मीटरला ३ मिमी कमीजास्त असं छापलेलं असतं, आणि एकदा हातातून पडला की तेवढ्याचीही खात्री नाही. आत लोलक असतो, ३-४ अंशांपर्यंतचा कल तो स्वतः सावरतो, पण मुळात तोच हलला असेल तर लाइन झकास सरळ दिसते आणि असते तिरकी. दोन भिंतींच्या मधोमध ठेवून दोन्हीकडे खुणा करा, मग एका भिंतीजवळ नेऊन परत करा, दोन्हीकडचा फरक सारखा आला तरच तो लेझर खरा. तुम्ही कधी बघितलंय? (बघा, मलाही असं विचारता येतं.)

आणि लाइन मिळाली तरी ती घ्यायची कुठून? बाथरूमच्या फरशीला पाणी जायच्या जाळीकडे उतार असतो, म्हणून खालची ओळ फरशीवरून सुरूच करायची नसते, लेव्हलला पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून चढायचं आणि खालचे तुकडे शेवटी मापाने कापून बसवायचे. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर ३-४-५ फुटांचं माप टाकून (एका भिंतीवर ३, दुसरीवर ४, तिरकं ५ यायला हवं) आधी कळतं की कापलेली टाइल दाराच्या मागे लपवायची की समोर मिरवायची. जुन्या फ्लॅटमध्ये स्लॅब एका बाजूला उतरलेला असतो, तिथे रंगाचा पट्टा पक्क्या लेव्हलला मारलात तर तोच वाकडा दिसतो, म्हणून जाणता पेंटर छताकडे बघून लाइन धरतो. लेखाचा अर्धा भाग यावरच होता, तो वाचलात की नाही कोण जाणे.

लेखातला फोटो अंधुक आलाय असंही म्हणालात, ते मात्र मान्य, मोबाइलची लेन्स पुसायला हवी होती, बदलतो.

बुडबुड्याचं म्हणाल तर ते ट्यूब धरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. स्पेसर टाइल बघून ठरतो. एकट्याने काम करण्याचं म्हणाल तर आमच्याकडे दुसरं टोक धरायला माणूस मिळतो. पुढची कमेंट नाव टाकून केलीत तर बरं होईल.