प्रवाळाची नाडी

आजारी माणूस कण्हतो, आजारी कुत्रा कोपरा धरतो, आजारी म्हैस दूध आखडते. आजारी प्रवाळ मात्र नुसते फिके पडते, आणि तेही इतक्या सावकाश, की रोज पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्याला ते जोडे काढता काढता दिसते. गणपतीला आमच्याकडे आलेल्या एका स्नेह्यांनी मोदक संपवून, हात पुसत, "याचा रंग मागच्या खेपेला जरा गडद होता, नाही का?" असे सहज विचारले, आणि आमच्या घरातील वैद्यकीय पर्वाला आरंभ झाला.

न्यू जर्सीतील आमच्या दिवाणखान्यात, जेथे सभ्य लोक दुसरा सोफा ठेवतात तेथे, ७५ गॅलनांचा, म्हणजे सुमारे २८४ लिटरांचा, खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यातील खडकाच्या माथ्यावर निळ्या टोकांचा, ॲक्रोपोरा नावाच्या जातीचा एक प्रवाळ बसलेला असतो. आणला तेव्हा तो अंगठ्याएवढा तुकडा होता, आणि त्याची खरी किंमत घरात अद्याप जाहीर झालेली नाही. (भारतात असा दगडी सांगाड्याचा प्रवाळ घरी आणणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्याच अनुसूचीत बसवले आहे. मालवणच्या समुद्रातली प्रवाळे पाण्यात उतरून तेथेच पाहावीत, हे उत्तम.)

प्रवाळाच्या दुखण्याचे निदान अवघड होण्यास पहिले कारण म्हणजे रोगी नेमका कोण, हेच ठरत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवले भाड्याने राहतात, आणि तो स्वतः राहण्यासाठी दगडाचे घर बांधतो. तेव्हा त्याला पशुवैद्याला दाखवावे, माळ्याला की गवंड्याला, हा प्रश्न सुटता सुटत नाही. ही शैवले उजेडात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा मालकाला देतात. मालकाचा बहुतेक प्रपंच या भाड्यावरच चालतो, आणि तरीही पाणी थोडे तापले किंवा उजेड अंगावर आला, की हा गृहस्थ सर्वप्रथम भाडेकरूंनाच घराबाहेर काढतो व स्वतः पांढराफटक होऊन बसतो. असे झाले तरी मांस शिल्लक असते आणि तो वाचू शकतो. याउलट बुडापासून कातडे सुटून खालचा कोरा सांगाडा दिसू लागला, तर प्रकरण फार पुढे गेले असे समजावे. आमच्या ॲक्रोपोराची स्थिती या दोहोंच्या अलीकडची होती: निळा रंग दुधात कालवल्यासारखा झाला होता, आणि संध्याकाळी जे बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखे दिसणारे आपले इवले देह, तो एरवी बाहेर काढत असे, ते त्याने आत घेऊन ठेवले होते.

लक्षणांवरून कारण शोधावे म्हटले, तर या शास्त्राने तेथे मोठी उदार व्यवस्था करून ठेवली आहे. प्रवाळ फिके पडले, तर उजेड जास्त आहे किंवा अन्न कमी आहे; तपकिरी पडले, तर उजेड कमी आहे किंवा अन्न जास्त आहे; टोके जळाली, तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, जास्त आहे; बूड पांढरे पडले, तर अल्कलिनिटी वरखाली झाली आहे, किंवा तापमान वरखाली झाले आहे, किंवा कीड लागली आहे, किंवा यांपैकी काहीही झालेले नाही. आमच्या भागातील प्रवाळपाळांच्या क्लबात तीस-एक वर्षे या छंदात घालवलेले एक वयोवृद्ध अमेरिकन गृहस्थ आहेत. त्यांनी माझे सर्व गाऱ्हाणे ऐकून घेऊन एकच पथ्य सांगितले: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग तीन आठवडे हात खिशात ठेवा. मी मान डोलावली. मराठी घरात एका वेळी एकच गोष्ट बदलता येत नाही, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

प्रथम पाण्याच्या चाचण्या झाल्या. या चाचण्यांत काचेच्या कुपीत पाणी घेऊन त्यात थेंब थेंब औषध टाकायचे आणि रंग बदलला की थांबायचे, एवढेच असते. परंतु रंग बदलला म्हणजे काय, याविषयी पतिपत्नींचे एकमत व्हावे लागते. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी रंग जाऊन निळा येतो. मी "निळा झाला" असे म्हणून थांबलो, की पत्नी कुपी खिडकीशी धरून, "हा निळा नाही, हा अजून वांगी आहे," असे म्हणे आणि आणखी दोन थेंब पडत. अल्कलिनिटीच्या वेळी मोरपंखीपासून अबोलीपर्यंतचा प्रवास करावा लागला आणि मधल्या एका छटेवर, ती आमसुली की डाळिंबी, यावरून जेवण लांबले. पैठणी घेताना दुकानदारासमोर केलेली तयारी रसायनशास्त्रात अशी उपयोगी पडेल, असे तिलाही वाटले नव्हते. अखेर आकडे निघाले ते असे: कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३५०, अल्कलिनिटी साडेआठ, तापमान ७८ अंश फॅरनहाइट, विशिष्ट गुरुत्व १.०२६. इतके निर्दोष आकडे माझ्या स्वतःच्या रक्ताचे असते, तर डॉक्टरांनी मला पेढे दिले असते. ॲक्रोपोरावर या आकड्यांचा काहीही परिणाम झाला नाही.

तेव्हा किडीकडे वळणे भाग पडले. ॲक्रोपोरा खाणारा एक चपटा कृमी असतो, आणि तो ज्याचे मांस खातो त्याच्याच रंगाचा दिसतो, त्यामुळे तो शोधायचा म्हणजे प्रवाळावर नळीने जोरात पाणी मारायचे आणि काही सुटून पडते का ते पाहायचे. या कामासाठी येथे जी नळी वापरतात ती मुळात भट्टीतल्या टर्कीवर रस शिंपडण्यासाठी बनवलेली असते. आमच्या शाकाहारी घरात तिचा प्रवेश या धर्मकार्यासाठी झाला. रात्रीचे जीव लाल उजेडाला सहसा बिचकत नाहीत म्हणून मध्यरात्री लाल टॉर्च आणि भिंग घेऊन मी टँकपुढे गुडघे टेकून बसू लागलो. पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंनी एकदा हा देखावा पाहिला आणि काही न विचारता देवघरातला दिवा लावला. शोधाअंती दगडाच्या भेगेतून एक लांब केसाळ किडा निघाला, पण तो उष्टे खाणारा निरुपद्रवी सफाई कामगार असून त्याच्यावर संशय घेतल्याबद्दल आपणच दिलगीर असले पाहिजे, असे पुस्तकांवरून समजले. कृमी सापडला नाही.

याच सुमारास सल्लागार वाढू लागले. मराठी मंडळातील एका काकांनी, पोवळे हे मंगळाचे रत्न असल्याने ते घरात फिके पडणे बरे नव्हे, तुमची पत्रिका पाठवून द्या, असे सांगितले. आमचा ॲक्रोपोरा दागिन्यांच्या लाल पोवळ्याच्या कुळातला नाही, तेव्हा मंगळाचा त्याच्याशी संबंध पोहोचत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर त्यांनी, मग शनी असेल, असे म्हटले.

खरा गोंधळ दिवाळीने घातला. फराळाला तीसेक मंडळी जमली होती, बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद होत्या, स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि लोक अर्थातच बोलत होते. टँकचा पीएच मुलाच्या फोनवर आलेखाच्या रूपाने दिसतो. रात्री शैवलांचे काम थांबते म्हणून हा आलेख एरवीही थोडा उतरतो. त्या संध्याकाळी मात्र तो ८.२ वरून ७.८ वर आला. इतक्या माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड खोलीत साचतो, पाण्यात विरघळतो आणि त्याचे आम्ल होते, आणि अशा पाण्यात प्रवाळाला सांगाडा बांधणे जड जाते, हे मुलाने सर्वांसमोर इंग्रजीत स्पष्ट केले. आपल्या गप्पांनी जनावर गुदमरते आहे, असा त्याचा अर्थ निघून दोन कुटुंबे लवकर उठली. त्यातच कोणीतरी बेसनाच्या लाडवाच्या तुपकट हातांनी कौतुकाने पाण्यात बोट बुडवले. पाण्यातली घाण फेसावाटे वर काढणारे स्किमर नावाचे यंत्र असते. तेलातुपाचा अंश लागला की त्याचा फेस बसतो, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसूनच राहिला.

पाहुणे गेल्यावर घरात तीन पक्ष पडले. मुलाचे म्हणणे, स्किमर खोलीतली हवा ओढतो, त्याऐवजी त्याची नळी खिडकीतून बाहेर काढावी, म्हणजे शुद्ध हवा येईल व पीएच चढेल. माझे म्हणणे, दिवे प्रखर आहेत, ते उतरवावेत. पत्नीने फॉस्फेटच्या चाचणीची कुपी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "यात रंगच नाही. ही निळी व्हायला हवी ना? ही तर कोरी पांढरी आहे." फॉस्फेट शून्य होते. ते शून्य राहावे म्हणून मी एक खास लाल दाणेदार पदार्थ पाण्यात टांगून ठेवला होता, कारण फॉस्फेट वाढले की काचेवर शेवाळ माजते. पण फॉस्फेट आणि नायट्रेट अगदीच संपले, की प्रवाळातील शैवलांनाही खायला उरत नाही. प्रवाळखडकावरच्या समुद्रातही ही द्रव्ये नाममात्रच असतात. परंतु तेथे अन्नाचे कण अखंड वाहत येतात आणि आमच्या टँकमध्ये जे येते ते आमच्याच चमच्याने. पत्नीने या सगळ्याचे सार "उपास घडतो आहे त्याला" एवढ्यात सांगितले आणि माशांचे जेवण दुप्पट केले, जेणेकरून त्यांच्या मलातून पाण्याला फॉस्फेट मिळावे. एका प्रवाळाच्या प्रकृतीसाठी सहा माशांनी अधिक वेळा शौचास जावे, अशी इच्छा आमच्या घरात उघडपणे व्यक्त होऊ लागली.

वयोवृद्ध गृहस्थांचे पथ्य मला आठवत होते. पण आधी कोणाचा उपाय करायचा, यावर मतदान घेतले असता प्रत्येकास एकेक मत पडले, आणि त्याच शनिवारी नळी बाहेर गेली, दिवे तीस टक्क्यांनी उतरले आणि लाल दाणे कचऱ्यात गेले.

जानेवारीच्या अखेरीस ॲक्रोपोराने पॉलिप बाहेर काढले. टोकांचा निळा परत आला, आणि बुडाशी कोवळी पांढरी कड दिसू लागली, जी या खेपेस आजाराची नसून नव्या वाढीची होती. मध्यंतरी पाण्याचा एक नमुना मी प्रयोगशाळेकडे पाठवला होता. तेथे तो प्लाझ्माच्या ज्वाळेत घालून त्यातील मूलद्रव्ये एकेक करून मोजतात. ऐन आजारातल्या त्या पाण्याचा अहवाल रोगी बरा होऊ लागल्यावर आला. त्यात फॉस्फरस नाममात्र, आयोडीन किंचित कमी, कथिल किंचित जास्त आणि बाकी सर्व हिरव्या शाईत होते. पत्नीने फॉस्फरसच्या ओळीवर बोट ठेवले. मुलाने पीएचचा आलेख दाखवला. मी दिव्यांकडे पाहिले.

आता खरे कारण जाणून घ्यायचे, तर तिन्ही उपायांपैकी एकेक मागे घ्यावा लागेल आणि ॲक्रोपोरा पुन्हा फिका पडतो का ते पाहत बसावे लागेल. त्यास घरात कोणाचीही संमती नाही. त्यामुळे मासे गुबगुबीत झाले आहेत, संध्याकाळी दिवाणखान्यात अंधारून येते, आणि नळीसाठी उघड्या ठेवलेल्या बोटभर फटीतून इतका वारा येतो, की सासूबाई मालिका कानटोपी घालून पाहतात. सुरुवात नळीपासून करावी, असा ठराव त्यांनी मांडला असून तो एप्रिलपर्यंत तहकूब आहे.