मायबाप मालक व्हायचंय? १८९४ सालाकडे बघा

तुमचे कामगार तुम्हाला दुवा देत नाहीत? चूक तुमचीच. तुम्ही त्यांना नुसता पगार देता. गाव कुठे देता?

शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन यांनी १८८० साली बांधायला घेतलं, तसं गाव द्या. रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या या गृहस्थांनी गावाला स्वतःचंच नाव दिलं. तुम्हीही लाजू नका. विटांची घरं, नळ, गॅस, बागा, वाचनालय. दारूचा गुत्ता अर्थातच नको. पाहुण्यांपुरता हॉटेलात बार असू द्या, हॉटेलाला लेकीचं नाव द्या, म्हणजे घरगुती वाटेल.

मात्र हा धर्मादाय नव्हे. घातलेल्या पैशावर सहा टक्के सुटले पाहिजेत. वाचनालयाला वर्गणी, चर्चला भाडं. देवालाही फुकट राहू देऊ नका. (भाडं परवडेना म्हणून ते देखणं चर्च कितीतरी काळ ओस पडलं होतं, पण तत्त्व ते तत्त्व.) पाणी हजार गॅलनला चार सेंटने घ्या आणि दहाने विका. सांडपाणी पंपाने शेतावर सोडून भाजी पिकवा, तीही विका.

खरी परीक्षा मंदीत. १८९३ साली बाजार कोसळला, तेव्हा पुलमननी पगार सरासरी पाव भाग कापले आणि घरभाडं होतं तेवढंच ठेवलं. इथे गडबडू नका. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात ना? तसंच. पगार देणारा मालक वेगळा, भाडं घेणारा मालक वेगळा. दोघांची ओळखच नाही. पगाराच्या दिवशी भाड्याइतका एक चेक वेगळाच काढा, बँकेतल्या माणसाने तो कामगारापुढे सहीला सरकवावा. उरलेला दुसरा चेक त्याचा. एकाच्या हातात असा दोन सेंटचा चेक आला. त्याने तो वटवला नाही, फ्रेम करून ठेवला. कलेची आवड गावामुळेच लागली असणार.

भागधारकांचा आठ टक्के लाभांश तेवढा चुकवू नका. त्यांनाही घरसंसार असतो.

कामगार गाऱ्हाणं घेऊन येतील. गोड बोला आणि शिष्टमंडळातल्या तिघांना घरी बसवा. घर तुमचंच आहे, भाडं चालू राहील. ११ मे १८९४ला संप झाला. रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्स यांच्या युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला, तरी तुमचं उत्तर एकच: लवादाकडे नेण्यासारखं काही नाहीच. पुढचं वॉशिंग्टन बघेल. तिथले अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे रेल्वे कंपन्यांचे जुने वकील. टपाल अडलं म्हणून कोर्टाचा मनाई हुकूम येतो, इलिनॉयच्या गव्हर्नरने मागितलेलं नसताना सैन्य येतं, तेही स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांची तारतम्यबुद्धी मात्र शिकण्यासारखी. २८ जूनला त्यांनी कामगार दिनाच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि आठवडाभरात फौज पाठवली. आधी सुट्टी, मग संगिनी.

डेब्सना सहा महिने तुरुंग झाला. तुम्ही जिंकलात.

एक खर्च तेवढा बाजूला काढून ठेवा. १८९७ साली पुलमन वारले, तेव्हा कामगार प्रेत उकरतील या धास्तीने कबरीत काँक्रीट ओतलं आणि त्यावर पोलादी रूळ आडवे टाकून बोल्टांनी आवळले. कामगारांच्या प्रेमावर एवढा विश्वास होता घरच्यांचा.