आमचा अंतर्गत प्रश्न

आमच्या बडोद्याच्या घरच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी मानवी हक्कांवरून खडाजंगी होते. परवा दांडिया बाजारातल्या मामांनी लिहिलं, "हे गोरे आपल्याला शिकवणार? तू जिनिव्हात राहतोस ना, सुनाव त्यांना."

सुनावण्यासारखं पुष्कळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकांत मत मिळालं १९७१ साली. आप्पेनझेलच्या एका कॅन्टनने, म्हणजे इथल्या राज्याने, तर १९९० पर्यंत, कोर्टाने कान धरेपर्यंत, ताणलं. २००९ मध्ये लोकांनी मत देऊन नव्या मिनारांवर बंदी घातली. तेव्हा मामांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे.

उरलेलं निम्मं मात्र घशाखाली उतरत नाही. विद्यापीठाच्या ज्या हंसा मेहता लायब्ररीत पंख्याखालची जागा धरायला मी धावायचो, त्या हंसाबेन कोण हे मला इथे आल्यावर कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातलं 'ऑल मेन' काढून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' घालायला लावलं ते त्यांनी. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये तो ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले, त्यांत वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती.

आता तटस्थ आपण असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनजियांगमधल्या उइघुर मुस्लिमांच्या हक्कांवर नुसती चर्चा तरी घ्यावी का, यावर इथल्या मानवी हक्क परिषदेत मतदान झालं. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. भारत त्या अकरांत, तेही लडाखच्या सीमेवर चीनशी वाकडं असताना! आज दुसऱ्याच्या घरात डोकावू दिलं तर उद्या काश्मीर निघेल, हा हिशेब मला कळतो. आजी याला मूग गिळून बसणं म्हणायची.

बरं, बाहेरचं सोडा. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करणं, आजवर नाही. कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध वेगळा कायदा करायला कुठला गोरा आडवा आलाय?

मामांचं ठरलेलं उत्तर आलं, "तो आपला अंतर्गत प्रश्न आहे."

मी लिहिलं, "मामा, १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या छळाचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा तो देशही हेच म्हणत होता. विजयालक्ष्मी पंडितांनी ते ऐकून घेतलं नाही, आणि ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी जिंकला."

निळ्या टिका उमटल्या. उत्तर नाही. संध्याकाळी शेव-उसळीचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "हे मिळतं का तुमच्या जिनिव्हात?"