‘इंजेक्शननं जीन बिघडतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डवर जरा बोलतो

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड पडला. पेंटाच्या (तान्ह्या बाळाला देतात ती पाच रोगांवरची एकत्र लस) इंजेक्शननं बाळाच्या मेंदूतला सोडियमचा जीन बिघडतो आणि फिट चालू होतात, मामाच्या मुलीशी लग्न केलेल्यांच्यात हे जास्त, अशा बाळाचं मीठ बंद करा, आणि फिटच्या गोळ्या सगळ्या सारख्याच. खाली निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या काकामामांनी हात जोडलेले. माझ्या मावसबहिणीच्या पोराला हाच आजार आहे, ड्रावे सिंड्रोम म्हणतात, म्हणून गप्प बसवलं नाही.

मिठाचं आधी संपवतो. जीनचं नाव एससीएन१ए, दुसऱ्या क्रोमोसोमवर असतो, त्यावरनं मेंदूच्या पेशीला सोडियम आत घ्यायचं एक दार बनतं, व्होल्टेज बदललं की उघडतं आणि मिलीसेकंदात बंद. बिघाड दारात आहे ओ, आमटीत नाही. उलट रक्तातलं सोडियम फार उतरलं तर चांगल्या माणसालासुद्धा फिट येते.

आता लग्नाचं. बहिणीचं सासर चिकोडीकडचं, सात पिढ्यांत नातं नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नानं धोका वाढतो तो मुख्यतः जिथं आई आणि बाप दोघांकडनंही जीनची खराब कॉपी यावी लागते तिथं. ह्यात दोनपैकी एकच कॉपी बिघडली तरी पुरे, आणि बहुतेक मुलांत तो बिघाड नवाच झालेला असतो, आईबापाची टेस्ट नॉर्मल येते. तरी सासूनं दोन वर्षं सुनेच्या माहेरचं रक्त काढलं ते काढलंच.

इंजेक्शनचं मात्र नीट ऐका. पेंटानंतर ताप येतो, आणि ह्या मुलांना तापात फिट येते, इथवर खरं. पण ठिणगी वेगळी आणि फटाक्यातली दारू वेगळी, ताप ही नुसती ठिणगी. बिघाड बहुतेकवेळा गर्भ राहतानाच झालेला असतो, जन्मानंतर दीड महिन्यानं टोचलेल्या सुईनं तो होणार कसा? २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ‘लशीनं मेंदू गेला’ असं ठरवलेल्या १४ जणांचा हा जीन तपासला, ११ जणांत बिघाड सापडला. आमच्या पोराचं तर शेवटचं इंजेक्शन होऊन दोन महिने उलटलेले. सहा महिन्यांचा होता, शहापूरच्या घरी आजी पाय लांब करून त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, बंबातलं कढत पाणी, आणि डावा हात-पायच तेवढा उडायला लागला, वीस मिनिटं थांबेना. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली. ताप नाही, सुई नाही, गरम पाणी! अंग तापलं की झालं. आणि लस चुकवली तर गोवर, डांग्या खोकला येणार, म्हणजे परत तापच की. डोस कधी, तापाचं औषध कसं, हे डॉक्टरला विचारून ठरवा, बंद नका करू.

फॉरवर्डमधलं शेवटचं वाक्य, गोळ्या सगळ्या सारख्याच, हे सगळ्यात घातकी. ह्या जीनचं दार मुख्यतः मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या पेशींत जास्त लागतं, ते अर्धंच बनतं म्हणून ब्रेक ढिला. आता कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमचीच दारं अडवतात, दुसऱ्या कितीतरी फिटमध्ये नंबर एक, पण इथं उरलासुरला ब्रेकही जातो. आमच्याकडं एका ठिकाणी कार्बामाझेपिन चालू केलं, आठवड्याची एक फिट होती ती रोजची झाली, आम्हाला वाटलं आजारच वाढला. जीनची टेस्ट झाल्यावर गोळी बदलली, व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम. फिट गेल्या नाहीत, पण महिन्यावर गेल्या. आणि आमच्यासारखं वाचून कुणी स्वतःच गोळी तोडू नका, अचानक सोडली तर अजून वाईट.

बहिणीनं फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेननं त्या चार औषधांची नावं लिहून वर फुली मारलीय. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर असला की पोराचं नाव सांगायच्या आधी ती ते पान पुढं करते.